दहा बोटांची बुद्धी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या थोरल्या वहिनींचे. शिक्षकांचे आहेत, पास घरी विसरला तरी मला खाली न उतरवणाऱ्या एसटीच्या एका वाहकाचेही आहेत, पण ते सगळे वहिनींच्या मागून. वहिनींना लिहिता-वाचता येत नाही आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणारे कौतुकानं मान हलवतात. वहिनींची कीव आणि माझं कौतुक, असा त्या मानेचा अर्थ असतो. बरीच वर्षं मीही तशीच मान हलवत होतो. आज ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

आमचं गाव येरमाळ्यापासून पायी तासाभरावर. घरात मेंढ्या आणि थोडं कोरडवाहू रान. मी सहावीत असताना वडिलांचा, म्हणजे आबांचा, गुडघा कायमचा गेला. थोरला भाऊ, दादा, नुकताच येरमाळ्यात टेम्पोवर लागला होता. मेंढ्यांमागं जायला माणूस उरला नाही, म्हणजे मी उरलो.

"पोरगं शाळंत बसून तरी काय करतंय?" आबा म्हणाले. "मेंढ्यामागं बसंल."

वहिनींचं लग्न होऊन पाच महिने झाले होते. चुलीपुढून न उठता त्या म्हणाल्या, "म्या जाते मेंढ्यामागं. भाऊजीला शाळंत जाऊ द्या."

"नवी नवरी काठी घिऊन रानात? लोक काय म्हणत्याल?"

"लोक येत्यात व्हय मेंढ्या चारायला?"

आबांना हसू आलं आणि माझी शाळा वाचली. दुसऱ्या दिवसापासून वहिनी भाकरी बांधून रानात जाऊ लागल्या. मी दप्तर घेऊन उलट्या दिशेला. गावानं त्यांना खुळी ठरवलं आणि मला हुशार. आमच्याकडं हुशार हा शब्द दोनच माणसांना लावतात, परीक्षेत मार्क पाडणाऱ्याला आणि दुसऱ्याला गंडवणाऱ्याला. तिसऱ्या कुणाला लावलेला मी ऐकलेला नाही.

संध्याकाळी मेंढ्या परतल्या की वहिनींचं खरं काम सुरू होई. दिवसभर जाळीत कोंडलेली कोकरं भुकेनं ओरडत असत, बाहेर त्यांच्या आया ओरडत असत. मोठी कोकरं आपली आई आपण शोधतात. नवी आणि जुळी मात्र चुकतात, परक्या मेंढीच्या लाथा खातात, उपाशी राहतात. वहिनी जाळीत हात घालून दोन-दोन कोकरं उचलत आणि त्या गोंधळात नेमक्या त्यांच्याच आयांपुढं सोडत. सगळी कोकरं काळी. मला एकातून दुसरं ओळखू येत नसे. त्यांना कोकराचा आवाज, मेंढीच्या कानाची ठेवण, तिची चाल, कुठली मेंढी गेल्या साली पिलाला जवळ घेत नव्हती, हे सगळं ठाऊक असे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या माहेरी मेंढ्या नव्हत्या. सासरी येऊन वर्षभरात त्या हे शिकल्या, आणि त्याला घरात कुणी शिकणं म्हटलं नाही.

बारावीच्या सुट्टीत माझ्या अंगात विज्ञान आलं. मी वहिनींना म्हणालो, "तुम्ही हे डोक्यात कशाला ठेवता? मी नंबर टाकून देतो." दाराला लावून उरलेला ऑइलपेंट होता. मी सगळ्या कोकरांच्या पाठीवर आणि त्यांच्या आयांच्या पाठीवर जोडीनं आकडे रंगवले. वहिनी जाळीला टेकून बघत होत्या.

"भाऊजी, वास?" एवढंच त्या म्हणाल्या.

"वाळला की जातो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी एकाही मेंढीनं आपलं कोकरू जवळ घेतलं नाही. मेंढी पिलाला वासावरून ओळखते. तिला आकडे वाचता येत नाहीत. आकडे वाचता येणारा तिथं मी एकटाच होतो आणि माझा काही उपयोग नव्हता. वहिनींनी एकेका मेंढीचं दूध पिळून तिच्याच कोकराच्या पाठीवर, शेपटीवर चोळलं, तोंड धरून धरून पाजलं. तीन दिवस लागले. मला त्या रागावल्या नाहीत. फक्त कुणी विचारलं की सांगत, "आमच्या भाऊजीनं कोकरांस्नी हजेरी लावली." सगळे हसत, मीही हसे. एवढा धडा मिळाला होता, पण शिकलो काही नाही. परीक्षेत येणार नव्हता ना तो.

मी बी.एस्सी. झालो तेव्हा गावानं शाल-नारळ देऊन सत्कार केला. मी भाषण केलं. गुरुजनांचे आभार मानले, ग्रामस्थांचे मानले, जन्मदात्यांचे मानले. मांडवाचे खांब ज्यांनी रोवले त्यांचेही मानले. वहिनी मांडवात नव्हत्या. मेंढ्या कोण चारणार? त्यांचं नाव माझ्या तोंडी आलं नाही. जिच्या पायांवर मी पदवीपर्यंत चालत गेलो ती बाई माझ्या आभारांच्या यादीत बसत नव्हती, कारण यादी मी शिकलेल्या डोक्यानं केली होती.

पुढं धाराशिवमध्ये एका खाजगी अकॅडमीत गणित शिकवायला लागलो. नाव सांगत नाही, त्या नावाला काही अर्थही नाही. अशा अकॅडम्या आता प्रत्येक चौकात आहेत. तिथल्या संचालकांना मी सर म्हणायचो. शिकवणं हा त्यांच्या दृष्टीनं धंद्यातला कंटाळवाणा भाग होता. एके दिवशी त्यांनी एक मशीन आणलं. डबीएवढं, वर काच. मुलाची दहा बोटं एकेक करून काचेवर ठेवायची, आणि त्यावरून मुलाची बुद्धी किती, कुठली, पुढं काय होणार, याचा रंगीत अहवाल बाहेर यायचा. बोटांवरच्या रेषा आणि मेंदू आईच्या पोटात एकाच वेळी घडतात, म्हणून बोटं वाचली की मेंदू वाचला, असं सर सांगत. मला ते पटलं. खरं तर पटण्याइतका विचारच मी केला नाही. अहवालात गोल आकृत्या होत्या आणि टक्के होते. टक्के दिसले की आमच्या पिढीच्या शिकलेल्या माणसाची मान आपोआप खाली जाते. कपाळ बघून भविष्य सांगणारा दारात आला तर मी त्याला हाकलला असता. तोच माणूस प्रिंटर घेऊन आला तेव्हा मी त्याला खुर्ची दिली.

गावोगावच्या शाळांत जाऊन चाचण्या घ्यायच्या ठरल्या. अहवाल इंग्रजीत येई. तो पालकांना मराठीत समजावून सांगायचं काम माझं. पालकांचं वागणं बघून मला त्यांची कीव यायची, खोटं कशाला सांगू? ज्या बापानं मुलाला कधी शेजारी बसवून एक प्रश्न विचारला नव्हता, तो मशीनला विचारत होता, हा कसा आहे. एकानं अहवाल लॅमिनेट करून देवघराशेजारी लावला.

माझ्या गावच्या शाळेत मशीन नेलं ते माघातल्या थंडीत. माझाच आग्रह होता. गावाचं ऋण फेडायचं होतं मला! शाळेच्या व्हरांड्यात दुपारी गर्दी जमली.

"सर, आमच्या बैलाचं खूर बी लावून बघा की," एक म्हातारा म्हणाला. "त्येची बुद्धी माझ्यापरीस जास्त निघंल."

"बैलाचं कशाला," मागून एक बाई म्हणाली, "आमच्या मालकाचा अंगठा घ्या. हाय का न्हाय तेवढं तरी कळंल."

मी हसलो नाही. शास्त्राच्या कामात हसतात का?

सगळ्यात मोठ्या बागायतदाराच्या नातवात नेतृत्वगुण निघाले. त्या पोराला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. शिक्षकांच्या मुलीला गणिती बुद्धी निघाली. मग माझ्या पुतणीची पाळी आली. वहिनींची थोरली लेक, आठवीत. तिनं बोट काचेवर ठेवलं. मशीन चालवणाऱ्या मुलानं पुन्हा ठेवायला लावलं. मग रुमालानं बोट पुसलं, मग दाबून धरलं.

"सर, हिचा ठसा येईना."

"घे अजून एकदा," मी म्हणालो.

खूप वेळानं तो म्हणाला, "झालं सर, रिपोर्ट आला."

संध्याकाळी घरी दादापुढं मी तो अहवाल वाचला. आकलन अल्प. स्मरण अल्प. शारीरिक कष्टाची कामे योग्य.

"म्हंजे ढ हाय," दादा म्हणाला.

"ढ म्हणू नये दादा. तिचा कल वेगळा आहे." ढ म्हणायची ही शिकलेली पद्धत मला अकॅडमीत शिकवली होती.

आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत. नववीला येरमाळ्याला जावं लागतं, एसटीनं. पुतणीला जायचं होतं. तिनं दिवाळीपासून बापामागं टुमणं लावलं होतं, आणि दादा हो-नाहीच्या मध्ये होता. आता त्याला मध्ये राहायची गरज उरली नाही.

"मग कशाला धाडायची येरमाळ्याला? हिच्या आईचं बी गुडघं गेल्यात. मेंढ्यामागं माणूस लागतंयच. मशीननंच सांगितलंय."

पुतणी दारात उभी होती. 

वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारलं, "कशावरनं कळलं म्हणं?"

"बोटांच्या ठशांवरून."

त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवून ठेवली, हात पुसला आणि पंजा माझ्यापुढं धरला. "परवा रेशनच्या मशीननं माझा अंगठा घेतला न्हाय. दुकानदार म्हणला, मावशी, हरभरा झाल्यावर या. तुमच्या मशीनला सांगितलं नव्हतं का हरभरा चालूय म्हणून?"

हरभरा पहाटे उपटावा लागतो. ऊन चढलं की घाटे झडतात. त्या वेळी झाडावर दव असतं आणि दवात आंब, हरभऱ्याच्या पाल्यावर सुटणारा खार. ती आंबट आंब बोटांना लागून लागून शेंड्यांची कातडी खाते. महिनाभर बोटं गुळगुळीत होतात, चिरतात, मीठ झोंबतं. पुतणी पंधरा दिवस शाळेच्या आधी आईबरोबर हरभरा उपटत होती. हे आमच्या गावात कुणाला माहीत नाही? लहानपणी मीही उपटलेला आहे. रेशन दुकानदार सातवी नापास आहे, पण हातात गुळगुळीत झालेला अंगठा आला की त्याला हंगाम कळतो.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वहिनी, हे शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"नसंल कळत," त्या म्हणाल्या आणि उठून, दारातल्या लेकीला घेऊन जाळीकडं गेल्या.

मी ओट्यावरून बघत होतो. मायलेकी कोकरं उचलत होत्या. पुतणी दोन्ही काखांत एकेक घेऊन सरळ त्यांच्या आयांकडं जात होती, कुठंही न थांबता, दुसऱ्यांदा न बघता. माझ्या मांडीवर तिचा अहवाल होता. आकलन अल्प, स्मरण अल्प. या दोन गोष्टी मी एकाच वेळी डोळ्यांनी पाहिल्या आणि माझ्या पदवीधर डोक्यात त्यांची गाठ पडली नाही. याहून मठ्ठ माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वहिनींचा पंजा मात्र धाराशिवपर्यंत माझ्याबरोबर आला. दोन-तीन दिवसांनी मी मशीन चालवणाऱ्या मुलाला विचारलं, ठसा आलाच नाही तर मशीन काय करतं?

"रिकामं सोडत नाही सर. सगळ्यात खालचा आकडा घेतं. रिपोर्ट तर द्यावाच लागतो."

मी बोटं उलटी केली आणि दहाही पेरांची पाठ काचेवर टेकवली. बोटांच्या पाठीवर ठसा नसतो. मशीन थोडं घुटमळलं आणि रंगीत अहवाल आला. आकलन अल्प. स्मरण अल्प. शारीरिक कष्टाची कामे योग्य. शब्दाला शब्द, पुतणीचाच.

मग मी आमच्या गावच्या सगळ्या अहवालांच्या प्रती काढल्या आणि टेबलावर दोन ढीग केले. ज्यांच्या घरी हरभऱ्याला मजूर लावतात ती सगळी पोरं हुशार निघाली होती. जी पोरं स्वतः रानात जातात ती सगळी ढ. एका दुपारी, माझ्याच तोंडानं, मी हे गावाला वाचून दाखवलं होतं. कुठल्याही गावगुंडाला इतक्या लोकांचं इतकं वाईट इतक्या गोड आवाजात करता आलं नसतं.

संचालकांना दाखवलं. त्यांनी दोन्ही ढीग एकत्र केले आणि म्हणाले, "सर, ज्यांना कमी आलं ते तक्रार करायला आले का? नाही ना? त्यांना ते आधीच पटलेलं असतं." एवढं एकच खरं वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून ऐकलं. मी नोकरी लगेच सोडली असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. अहवाल वाचायचं काम मात्र पुन्हा केलं नाही, आणि मे महिन्यात दुसरीकडं शिकवायला लागलो.

दादाला फोन केला. तो चिडला. "मशीन खोटं हाय तर तू वाचलंस कशाला? म्या फाट्यावर चार माणसांत बोललोय. आता मेंढ्यामागं काय मशीन जाणार हाय का?" आपण बोललेलं फिरवायचं म्हणजे माणसाला मान कापून दिल्यासारखं वाटतं. बुद्धी असलेल्यालाही वाटतं, नसलेल्यालाही. वहिनींच्या हातात फोन द्यायला त्याला वेळ नव्हता.

जून जवळ येत होता. मग मी पत्र लिहिलं. आमच्या घरी पत्र आलं की ते वाचायला एकच माणूस असतं, दिवसा घरात असलेलं, ते म्हणजे पुतणी. दादा त्यानंतर माझ्याशी दोन महिने बोलला नाही. पण पुतणी जूनमध्ये येरमाळ्याच्या एसटीत बसली. पत्राची नक्कल मी ठेवली होती, ती अशी:

वहिनी,

पाया पडतो. हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवील. दादा घरी असताना वाचायला सांगा. ती कुठं अडली तर अडू द्या, घाई करू नका.

तिचा अहवाल खोटा आहे. मशीनला तिचा ठसा मिळालाच नाही. मिळाला नाही म्हणून त्यानं तिला ढ लिहिलं, आणि मी ते वाचलं. मी माझ्या बोटांची पाठ मशीनला लावून बघितली. मलाही तेच लिहून आलं. सोबत तो कागद पाठवतोय. दादाला दाखवा. तिचा कागद चुलीत घाला, माझा राहू द्या.

तुम्ही त्या दिवशी हात दाखवलात तेव्हाच सगळं सांगून झालं होतं. मी तुम्हाला म्हणालो की तुम्हाला नाही कळायचं. ते शब्द मी परत घेतो, पण ते तुमच्या लेकीनं ऐकलेत. म्हणून हे तिनंच मोठ्यानं वाचावं: मला कळलं नव्हतं, तुझ्या आईला कळलं होतं.

माझ्या सत्काराला तुम्ही नव्हता, आणि मी तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही मेंढ्यांमागं गेलात म्हणून मी सातवीत गेलो, आणि त्यापुढच्या सगळ्या वर्गांतही तसाच गेलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही.

आता कामाचं. मी येरमाळ्याच्या शाळेत जाऊन आलो. गावच्या शाळेतून दाखला आणायला आई गेली तरी चालतं, आणि नववीच्या अर्जावर पालक म्हणून आईचा अंगठा चालतो. मी मुख्याध्यापकांना दोनदा विचारून घेतलंय. अर्ज सोबत आहे, मी भरलाय. अंगठ्याची जागा मोकळी आहे, तिथं पेन्सिलीनं फुली केली आहे.

दादा म्हणतो मेंढ्यांमागं माणूस नाही. ते खरं आहे. दर शनिवारी संध्याकाळी मी येईन आणि रविवारी मेंढ्यांमागं मी जाईन. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीतही जाईन. बाकीच्या दिवसांचं दादानं आणि मी बसून ठरवायचं आहे, तुमच्या लेकीनं नाही. कोकरं मला अजून ओळखता येत नाहीत. तुम्ही शिकवा. रंग आणणार नाही.

सोमवारी पहिल्या गाडीनं तुम्ही दोघी फाट्यावर या. मी शाळेच्या दारात उभा असेन. तिथं शाईचा अंगठा घेतात, मशीन नाही.

तुमचा
धाकटा दीर